केरबाच्या गाडीची ओढ

मंडळी, ऐका! आज एक अगदी साधा प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभी आहे. ओढ असली, की माणूस पोचतो का?

पुढच्या रांगेतल्या काकांनी मान हलवली. पोचतो म्हणतात! छान. मग काका, मघाशी पंख्याखालच्या जागेची ओढ तर तुम्हालाच सगळ्यांत जास्त होती — आणि तिथे बसलंय कोण? ते खांबाजवळचे आजोबा! तुम्ही चप्पल ठेवायला जागा शोधत होतात, तोवर ते बसले पण! म्हणजे नुसती ओढ पुरत नाही. मग काय लागतं?

ओढ हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे हो. माहेरची ओढ म्हणतो. नदीच्या पाण्याला ओढ आहे, पोरं पुढे सोडू नका, म्हणतो. आणि गॅरेजमध्ये गेलात तर मिस्त्री बोनेटवर हात ठेवून काय सांगतो? "साहेब, गाडी चढाला ओढत नाही." मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकले. गाडी किती ओढते ते मोजायची यंत्रं आहेत. पण बापाला लेकीची किती ओढ आहे, ते मोजायचा काटा अजून निघालेला नाही. आजचं आख्यान अशा माणसाचं आहे, ज्याच्या पोटात ओढ होती — आणि ज्याच्या गाडीला नव्हती!

त्याचं नाव केरबा शेलार. गाव नांदवडी, डोंगराच्या पायथ्याला. केरबा ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायचा, आळीआळीनं पाणी द्यायचं. नळाला पाणी बारीक आलं, की बायका टाकीशी येऊन त्याला बोल लावायच्या. केरबा शांतपणे विचारायचा, "वहिनी, नळाला बांधलेलं फडकं कधी धुतलंय?" घरोघरी नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतं ना, गाळ अडवायला? बांधायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, धुवायचं कुणाच्या राहत नाही. फडकं धुतलं, की धार मोकळी! केरबाचं सगळं शास्त्र एवढंच होतं, आणि खरं सांगते, पुष्कळ आहे.

केरबाला एकुलती एक लेक, उज्ज्वला. घरात उजी. केरबा निवृत्त झाला, तेव्हा त्यानं एक जुनी पांढरी गाडी घेतली. चार दारांची, पेट्रोलवरची, कार्ब्युरेटरच्या काळातली. उजी तालुक्याच्या कॉलेजात शिकायची. तिला न्यायचं, आणायचं. वाटेत दोघं मिळून गाडीची सेवा करायची. तो पाणी बघायचा, ती ऑइलची पट्टी पुसायची. डॅशबोर्डवर तिनंच आणलेला गणपती. बोटाएवढा!

मग उजीचं लग्न झालं. आणि दिली कुठे? वर! डोंगराच्या माथ्यावर, आंबेटेकला, मोहित्यांच्या घरात. जावई फौजेत. माणसं चांगली. पण मध्ये कावळखिंडीचा घाट! बस खिंडीपर्यंत जाते, आणि तिथून वरचा चढ असा, की बकरीसुद्धा दोनदा विचार करील.

पाठवणीची वेळ. दारात बँड वाजतोय, बायका रडतायत, फेट्याचं टोक डोळ्यांना लावून केरबा उभा. उजी बापाच्या गळ्यात पडली आणि त्या गदारोळात कानाशी काहीतरी बोलली. केरबाला कळलं एवढंच — "आप्पा, ओढणी महिन्याला धूत जा. विसरू नका."

केरबानं मान हलवली. वरातीची गाडी गेली. घरात आला, तर दाराआडच्या खुंटीवर उजीची एक हिरवी ओढणी लोंबत होती. पोर सासरी जाताना बापाकडे काय मागून गेली? माझी ओढणी धूत जा!

आणि मंडळी, त्या माणसानं ती धुतली! दर महिन्याला, स्वतःच्या हातानं. पिळायचा, झटकायचा, दांडीवर घालायचा. हौसाबाई — म्हणजे केरबाची बायको — चुलीपाशी बसून म्हणायची, माझं लुगडं कधी पिळलं न्हाई ह्यांनी, आणि न घातलेली ओढणी धुत्यात. उजीचा फोन आला, की तिचा ठरलेला प्रश्न, "आप्पा, ओढणी धुताय न्हवं?" आणि ह्याचं ठरलेलं उत्तर, "धुतो की गं." तिकडे लेक समाधानी, इकडे बाप समाधानी. ही ओढणी तेवढी ध्यानात ठेवा.

पहिल्या दिवाळीला गाडी वर गेली. झुळूझुळू नाही, पण गेली. त्यानंतरच्या वेळी वरच्या वळणावर धापा टाकायला लागली. मग खिंडीतच बंद. मग खिंडीखालच्या झऱ्यापाशीच माघारी वळावं लागायचं. मग तर घाटाच्या पहिल्या वळणालाच काळा धूर आणि अंगभर थरथर! सपाटीला ठीक चालायची, चढ दिसला की बसकण मारायची. आपल्यातलेही काही जण असेच असतात — जेवणाच्या पंगतीत ठीक, वाढायला उठा म्हटलं की गुडघा! असो.

मग केरबा काय करायचा? दुपारी पाण्याच्या टाकीवर चढायचा. तिथून आंबेटेकचा कडा दिसतो. कड्यावर मोहित्यांचं घर — घर कसलं, इथून नखाएवढा ठिपका. पण दुपारी जेवणं झाली, की उजी पितळेची परात घासून पत्र्यावर वाळत टाकायची. उन्हात ती लखकन चमकायची. बस्स! ती चमक दिसली, की केरबा स्वतःशी म्हणायचा, पोर जेवली. आणि खाली उतरून स्वतः जेवायचा. ढगाळ दिवशी हौसाबाईला ताट झाकून ठेवावं लागायचं.

असं चाललेलं असताना वरून गोड बातमी आली! उजीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, ते माहेरी. सातव्या महिन्यात बापानं न्यायला यायचं, ही आपली रीत. हौसाबाईनं डिंक निवडायला घेतला. केरबानं व्याह्यांना फोन लावला.

व्याही दादासाहेब मोहिते. भला माणूस, पण बोलणं सरळ. ते म्हणाले, डॉक्टरीणबाईंनी बसचे धक्के नकोत म्हणून बजावलंय. पाठवायला आमची ना नाही. "पर पाव्हणं, गाडी माझ्या दारात आली पायजे. खिंडीत बंद पडनाऱ्या गाडीत मी अवघडलेली सून बसवनार न्हाई. तिचं दिवस भरत आलं, तर हितंच बाळंतपण करू."

रागवायचं कशाला? बरोबरच बोलले ते! तुम्ही म्हणाल, केरबानं भाड्याची गाडी का केली नाही? विचारा, विचारा! मनात आलंय ना? एक तर पेन्शन बेताची, आणि बाळंतपणाचा खर्च दारात उभा. पण खरं कारण निराळंच. उजीनं फोन घेऊन हळूच सांगितलं होतं, "आप्पा, आपल्याच गाडीतनं न्या मला. तिच्यात बसलं की घरी आल्यागत वाटतं."

झालं! आता ह्या गाडीची ताकद वाढवायची. थोडक्या पैशांत. आणि दिवस तर पळतायत!

केरबा मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं लांबूनच आवाज ऐकला आणि इंजिन पुरतं खोलावं लागेल म्हणाला. खर्च ऐकून केरबा उठलाच. मग चहाच्या टपरीवर सल्ले सुरू झाले. मंडळी, सल्ला ही अशी वस्तू आहे की ती देताना देणाऱ्याचं काही जात नाही! एकजण म्हणाला, पेट्रोलमध्ये ताकदीचं औषध टाक. केरबानं बाटली आणून ओतली. गाडीनं औषध प्यायलं आणि पहिल्या वळणाला बसली. दुसरा म्हणाला, सायलेन्सर मोकळा कर, धूर सुटला की ताकद आली. केरबानं भंगारातून रुंद नळकांडं आणून बसवलं. आवाज असा झाला, की मारुतीच्या देवळावरची कबुतरं उडाली! गाडी मात्र तिथंच. आवाज म्हणजे ताकद नव्हे — हे मी मंडळाच्या स्पीकरवाल्यांकडे बघून बोलत नाहीये, तुम्ही हसू नका!

हौसाबाई म्हणाली, आधी गाडी ढकलायला गाव लागायचं, आता कान झाकायला लागतंय.

सगळे जण काय सांगत होते, बघा. हे घाल, ते बसव, अमुक जोड. गाडीत काय कमी आहे, याचीच चर्चा! आत काही जास्त झालंय का, हे कुणी विचारलं नाही. बोनेटखाली एक गोल काळा डबा असतो, इंजिन त्यातून हवा घेतं. त्याचं झाकण उघडायचं कुणाला सुचलंच नाही.

शेवटी शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनी एक गोष्ट सांगितली, आणि ती शंभर टक्के खरी होती. ताकद वाढत नसेल, तर वजन कमी करा! तेवढंच इंजिन हलकी गाडी जास्त सहज वर नेईल. केरबाचे डोळे चमकले. बिनपैशाचा उपाय!

गाडी त्यानं टाकीजवळच्या पंपघरात नेली. घरी का नाही? घरी हौसाबाई प्रश्न विचारते म्हणून! आणि लागला कामाला. स्टेपनी काढली. जॅक काढला. वरचं कॅरियर, पायाखालची जाजमं, दारांची आतली अस्तरं. मागची सीट उचलून बाहेर. गाडी अजून जड वाटत होती, म्हणून पुढची डावी सीटही बाहेर! आता आत काय राहिलं? एक स्टिअरिंग, एक सीट, एक केरबा. मग त्याची नजर गणपतीवर गेली. बोटाएवढा गणपती, वजन किती? पण ओढ माणसाला कुठवर नेते बघा! त्यानं दोन्ही हातांनी देव उचलला आणि पंपघराच्या खिडकीत ठेवला. म्हणाला, "देवा, तुम्ही जरा हितंच थांबा. पोरीला घिऊन येतो."

मंडळी, काय चुकलं, आलं का लक्षात? नाही? बरं. केरबाच्याही नाही आलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. चहासुद्धा अर्धाच घेतला, वजन नको! हौसाबाईनं डब्यात लाडू दिले, तेही त्यानं दारातल्या कट्ट्यावर ठेवून दिले. घाट लागला. पहिलं वळण. गाडी थरथरली, धूर ओकली, पण बसली नाही. केरबा स्टिअरिंगवर पुढे वाकलेला, जणू तोच गाडीला ढकलतोय. दुसरं वळण गेलं. जिथे कितीदा गाडी थांबली होती, तो पाण्याचा झरा मागे पडला. खिंड आली. खिंडीत एसटीची वाट बघणारी माणसं उठून उभी राहिली. वरचा चढ सुरू झाला. चाक दगडावरून घसरलं, पुन्हा धरलं. केरबाला पुढे रस्ता दिसत नव्हता. त्याला दिसत होतं एकच — मागच्या काचेतून बाहेर बघणारी उजी. कॉलेजातून येताना अशीच बसायची, खिडकीला डोकं टेकवून. आज ती तशी बसेल. आज संध्याकाळी ती आपल्या ओट्यावर असेल.

आणि गाडी चढली हो! चढली! आंबेटेकच्या माळावर आली, तेव्हा केरबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो भंगारातला सायलेन्सर कडाडत होता. गावात वाटलं, रस्त्याचं रोलर आलं!

मोहित्यांच्या अंगणात गाडी थांबली. उजी दारात उभीच होती. लांबूनच ओळखलं होतं तिनं. पायांत चप्पल, हातात पिशवी, अंगावर शाल — कधीची तयार! दादासाहेब पुढे आले. व्याह्यांचे हात हातात घेतले. जिंकलं पाव्हणं तुमी, म्हणाले. मग ते दाराच्या काचेशी जरा खाली वाकले. आत बघितलं. मागे बघितलं. आणि हळूच विचारलं,

"पाव्हणं, पोरीला बसवनार कुठं?"

केरबा वळला. गाडीत बघितलं त्यानं. उघडा पत्रा. चार बोल्ट. जिथे उजी डोकं टेकवून बसायची, तिथे काही नव्हतं.

मंडळी, वर जायचा हिशेब त्या माणसानं किती बारकाईनं केला होता! पण कुणासाठी जायचं, तेवढंच हिशेबातून निसटलं. एकट्यानं वर जायची गाडी तयार झाली होती. दोघांनी खाली यायची नाही.

कुणी हसलं नाही. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. केरबा खाली मान घालून उभा. म्हणाला, "उजे, माझं डोस्कं फिरलं बघ."

उजी गाडीभोवती एक चक्कर मारून आली. मागच्या पत्र्यावर काजळी धरली होती. तिनं बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. आमच्यासारखं शिकलेलं पोर ते, काळा धूर म्हणजे काय, हे तिला ठाऊक. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. हो, हवेला वजन असतं! हवा कमी पडली, की पेट्रोल अर्धवट जळतं, धूर काळा येतो आणि ताकद जाते. म्हणजे गाडी म्हातारी झाली नव्हती. गाडीला श्वास पुरत नव्हता!

तिनं विचारलं, "आप्पा, ओढणी धुताय न्हवं?"

"धुतो की. दर महिन्याला. परवाच धुऊन दांडीवर घातली."

"दांडीवर?"

"मग कुठं घालू? तुझी ती हिरवी, खुंटीवरची."

उजीच्या डोक्यात उजेड पडला. मग पिशवी खाली ठेवून तिनं बोनेट उचललं. गोल डब्याची फिरकी सैल केली. झाकण काढलं. आतल्या कागदी जाळीभोवती दुहेरी वेढा देऊन काहीतरी गुंडाळलेलं होतं — काळंकुट्ट, दगडाच्या भुकटीनं पापुद्र्यासारखं झालेलं. तिनं ते ओढलं. ओढलं आणि उलगडलं. काठाशी जरासा पिवळा रंग राहिला होता.

तीही ओढणीच होती!

नांदवडीच्या वाटेवर लग्नाच्या आधी खडी फोडायचं काम सुरू झालं होतं. गाडी रोज त्या धुळीतून जायची. उजीला वाटलं, मी चालले, आता गाडीला कोण जपणार? म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं आपली ओढणी त्या जाळीला बांधली. कशी? बापानं शिकवलं होतं तशी! नळाला फडकं बांधतात तशी! आणि पाठवणीच्या वेळी बापाच्या कानात सांगितलं — ओढणी महिन्याला धूत जा.

तिनं बरोबर सांगितलं. त्यानं मनापासून केलं. पण धुतली दुसरीच ओढणी! आणि जिनं बाप सुखरूप राहावा म्हणून मायेनं वेढा दिला, तिच्याच मायेनं बापाची वाट अडवून ठेवली. तो खाली टाकीवर, ती वर पत्र्यापाशी, आणि मध्ये एक न धुतलेली ओढणी!

केरबानं ते काळं कापड तिच्या हातातून घेतलं. मग म्हणाला, "गावभर सांगत फिरलो, फडकं धुवा, फडकं धुवा."

उजी म्हणाली, "मी बांधायलाच नको हुतं आप्पा."

"बांधलंस ते खरं. धुवायचं माझ्याकडं हुतं." आणि तो अंगणातल्या नळापाशी बसला. उजीला वाकू दिलं नाही. ओढणी चोळत राहिला. पाणी आधी काळं आलं, मग राखाडी, मग मातकट. पिवळी झाली नाही ती पुरती. पण उन्हात धरली, तर पलीकडचं दिसायला लागलं.

डब्याला ओढणीविना झाकण लावून गाडी सुरू केली. आवाजच निराळा! दादासाहेबांनी तेवढ्यात घरातली गादी आणली, तिच्यावर बसवा म्हणाले. केरबानं मान हलवली. नको. आता नीट नेईन.

तो एकटा खाली आला. पंपघरात सीट बसवल्या. स्टेपनी, जॅक, जाजमं. खिडकीतला देव उचलून कपाळाला लावला आणि जागेवर ठेवला. हौसाबाईला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग डोळे पुसले, मग लाडवांचा डबा काखेत मारून गाडीत जाऊन बसली. केरबा म्हणाला, अगं, चढ आहे. ती म्हणाली, "मग? मी काय आता जाजमापेक्षा जड झाली व्हय?" केरबानं गाडी सुरू केली! तुम्ही तरी दुसरं काय केलं असतं?

तोच घाट. तेच इंजिन. नवीन एक पैशाचं काही घातलेलं नाही. उलट वजन भरपूर — सीट, देव, लाडू आणि हौसाबाई! आणि गाडी चढली. धूर नाही, धाप नाही. झऱ्यापाशी केरबानं वेग कमी केला. थांबायचं म्हणून नाही, नुसतं बघायचं म्हणून. इथे किती दुपारी तो माघारी वळला होता!

ऊन कलताना उजी मागच्या सीटवर बसली. शेजारी आई. डोकं खिडकीला टेकवलेलं. ती ओढणी अजून ओलसर होती, म्हणून तिनं एक टोक हाताला गुंडाळून बाकीची खिडकीबाहेर सोडली. घाटाच्या वळणावळणाला ती वाऱ्यावर फडफडत खाली आली. केरबा आरशातून बघत होता. समोरही बघत होता बरं का — घाट आहे!

दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीनं तो टाकीवर चढला. कड्याकडे नजर लावली. ऊन लख्ख होतं. वर काहीच चमकलं नाही.

केरबा तसाच उभा राहिला. मग खालून, त्याच्याच ओट्यावरून हाक आली, "आप्पा, जेवायला या."

मंडळी, आता आपल्याकडे वळू. देवाची ओढ नाही असा इथे कोण आहे? ओढ नसती तर कामं टाकून इथवर आला नसता. त्या ओढीपायी आपण काय काय जोडतो! मोठा मंडप, मोठा आवाज, मोठी वर्गणीची पाटी. नाही तर घाईघाईनं काय काय काढून टाकतो — घरच्यांसाठीचा वेळ, म्हाताऱ्या माणसाशेजारची बैठक, शेजाऱ्याशी दोन शब्द. पोचतोसुद्धा! धापा टाकत देवाच्या दारात उभे राहतो. आणि देव वाकून आत बघतो, हळूच विचारतो — आलास, बरं झालं. मला बसवणार कुठं?

आणि ते काळं कापड? आईवडिलांनी मायेनं बांधून दिलेलं पुष्कळ असतं आपल्या आत. रीतीभाती, सोवळं-ओवळं, कुणाशी बोलायचं नाही ते. त्यांनी धूळ अडावी म्हणून बांधलं. फेकू नका. पण धुतलं का कधी? की खुंटीवरची दुसरीच ओढणी धुऊन, आपण कर्तव्य केलं म्हणून समाधानानं बसलोय? माझंही मला बघायचंय. तुमचं तुम्ही बघा.

आज घरी गेलात, की दिवा लावायच्या आधी एकदा आपल्याच गाडीत वाकून बघा. ज्याची वाट बघताय, त्याच्यासाठी एक सीट रिकामी आहे का?

आता पेटीवर सूर धरा. तबला जरा हळू. आणि सगळ्यांनी मिळून एकदाच नाव घ्या — ज्याच्यासाठी जागा ठेवलीत, त्याचं.